कारखान्यांच्या नळमार्गांचे आराखडे : एका संगणकातून दुसऱ्या संगणकात

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव भातशेतीच्या प्रदेशात वसले आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण याच तालुक्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या जलाशयाचे पाणी कालव्यांतून व उपसा योजनांतून शेतीला पुरविण्याची योजना आहे. त्याचप्रमाणे शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील २,३२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रासही ते पुरविण्यात येते. जलाशयातून निघालेले हे पाणी वीज केंद्रात पोचल्यावर त्याचे शुद्धीकरण होते. पुढे ते बाष्पकात शिरते, त्याची वाफ होते, ती वाफ टर्बाईन फिरविते व थंड होऊन पुन्हा पाणी बनते. हा सारा प्रवास नळांमधून, पंपांमधून, झडपांमधून व टाक्यांमधून होत असतो.

वीज केंद्र असो, खताचा कारखाना असो, साखर कारखाना असो वा तेलशुद्धीकरण प्रकल्प असो, त्याचा गाभा म्हणजे यंत्रे व ती जोडणारे नळ यांचे जाळेच होय. हे जाळे उभारण्यापूर्वी त्याचा तंतोतंत आराखडा तयार करावा लागतो. आज हा आराखडा संगणकावर तयार होतो. परंतु तो एकाच संगणकावर वा एकाच आज्ञावलीत तयार होत नाही. निरनिराळ्या संस्था निरनिराळ्या आज्ञावल्या वापरतात आणि एकीचा आराखडा दुसरीला वाचता आला पाहिजे, ही मोठी अडचण होऊन बसते. हा प्रश्न वरकरणी केवळ अभियंत्यांचा वाटतो. तथापि सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नळयोजनेशी, म्हणजेच पर्यायाने ग्रामपंचायतींशीही, त्याचा निकटचा संबंध आहे.

कागदापासून संगणकापर्यंत

पूर्वी कारखान्याचे आराखडे मोठ्या कागदांवर हाताने रेखाटले जात. गुंतागुंतीच्या प्रकल्पांसाठी प्लॅस्टिकच्या लहान प्रतिकृती बनवीत. त्यात नळांसाठी रंगीत कांड्या वापरीत आणि एखादा नळ तुळईवर आदळतो आहे काय, हे डोळ्यांनी पाहून ठरवीत. १९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे संगणकाच्या साहाय्याने आराखडे तयार करण्यासाठी एक शासकीय केंद्र स्थापन झाले. १९७० च्या दशकात त्या केंद्रातून कारखान्यांच्या नळमार्गांसाठी ‘पीडीएमएस’ ही आज्ञावली पुढे आली. त्यानंतर ‘स्मार्टप्लँट’, ‘ऑटोकॅड प्लँट’, ‘कॅडमॅटिक’ अशा अनेक आज्ञावल्या प्रचारात आल्या. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीची जागा संगणकातील त्रिमितीय प्रतिरूपाने घेतली.

एका मोठ्या प्रकल्पात कामाची वाटणी झालेली असते. बाष्पक पुरविणारी कंपनी एक, टर्बाईनची दुसरी, पाणी शुद्धीकरणाची तिसरी, इमारतीच्या पोलादी सांगाड्याची चौथी आणि या सर्वांचा मेळ घालणारी सल्लागार संस्था पाचवी, असे सामान्यतः असते. प्रत्येकीची आज्ञावली निराळी असू शकते. शिवाय एकाच नळमार्गावर अनेक प्रकारची कामे होतात. कोणत्या यंत्रातून कोणत्या यंत्राकडे काय वाहते, हे दाखविणारा आलेख एका आज्ञावलीत तयार होतो. नळाची प्रत्यक्ष जागा दुसरीत ठरते. उष्णतेने व दाबाने नळावर येणाऱ्या ताणाचे गणित तिसरीत होते, तर मालाची यादी व वेल्डिंगसाठी लागणारी चित्रे चौथीत तयार होतात.

हे टप्पे परस्परांवर किती अवलंबून असतात, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सुमारे ५०० अंश सेल्सिअसने तापणारा पोलादी नळ दर मीटरला अंदाजे ६ ते ७ मिलिमीटर वाढतो. ५० मीटर लांबीचा वाफेचा नळ या हिशेबाने ३० सेंटिमीटरहून अधिक लांब होतो. त्याला वाढण्यास वाव नसेल तर तो आधार तरी वाकवील किंवा ज्या यंत्राला तो जोडला आहे त्याचे तोंड तरी ओढून काढील. म्हणून ताणाचे गणित करणाऱ्यास नळाची लांबी, वळणे, भिंतीची जाडी, धातूचा प्रकार, तापमान व आधारांच्या जागा ही सर्व माहिती अचूक मिळावी लागते. आराखड्याच्या आज्ञावलीतून गणिताच्या आज्ञावलीत जाताना यांतील एकही गोष्ट गळाली तर गणित चुकते आणि ते चुकले आहे हे कित्येकदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चित्र आणि माहिती यांतील भेद

संगणकातील प्रतिरूपात तीन गोष्टी असतात. पहिली वस्तूचा आकार, दुसरी तिचे गुणधर्म आणि तिसरी इतर वस्तूंशी असलेली तिची जोडणी. एखाद्या आज्ञावलीत नळाचे कोपऱ्यावरील वळण, ज्याला कारागीर ‘एल्बो’ किंवा ‘बेंड’ म्हणतात, ते केवळ वाकडी आकृती म्हणून साठविलेले नसते. ‘१५० मिलिमीटर मापाचा, मापाच्या दीडपट त्रिज्येचा, अमुक जाडीचा, अमुक धातूचा एल्बो, एका बाजूस अमुक क्रमांकाचा नळ, दुसऱ्या बाजूस अमुक झडप’ अशी त्याची नोंद असते. ही नोंद त्या आज्ञावलीच्या स्वतःच्या सूचीवर आधारलेली असते.

हाच आराखडा दुसऱ्या आज्ञावलीत नेला म्हणजे पुष्कळदा केवळ आकार तेवढा पोचतो. पडद्यावर एल्बो जसाच्या तसा दिसतो, परंतु संगणकाच्या दृष्टीने तो आता एल्बो राहिलेला नसतो; ती एक वाकडी नळकांडी एवढेच उरते. तिचे माप विचारले तर उत्तर मिळत नाही, मालाच्या यादीत ती येत नाही आणि शेजारचा नळ हलविला तर ती त्याच्याबरोबर हलत नाही.

पंचायतीच्या कामाशी परिचित असलेल्यांना हा भेद सहज उमगेल. घरांच्या आकारणीच्या नोंदवहीचे छायाचित्र काढले तर ते डोळ्यांना वाचता येते, पण त्यावरून एकूण कराची बेरीज संगणकाला करता येत नाही. रकाने जसेच्या तसे उतरवून घेतले तरच बेरीज करता येते, थकबाकीदारांची यादी काढता येते व नवी नोंद भरता येते. कारखान्याच्या आराखड्याच्या बाबतीतही केवळ ‘छायाचित्र’ पोचले की ‘रकाने’ पोचले, हाच कळीचा प्रश्न असतो.

केवळ आकार पोचणे नेहमीच निरुपयोगी असते असे मात्र नाही. नळ व तुळई एकमेकांवर आदळतात काय, दुरुस्तीसाठी माणूस शिरण्याएवढी जागा आहे काय, हे पाहण्यास आकार पुरेसा असतो. कोणत्या कामासाठी देवघेव करावयाची आहे हे आधी ठरविले, तर किती माहिती पोचली पाहिजे हेही ठरविता येते.

अडचणी कोठे उद्भवतात

पहिली अडचण मापांच्या नावांची. ‘२०० मिलिमीटरचा नळ’ हे शब्द सर्वत्र सारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ सारखा नसतो. २०० मापाच्या पोलादी नळाचा बाहेरचा व्यास २१९.१ मिलिमीटर असतो. त्याच मापाच्या डक्टाईल लोखंडी नळाचा तो २२२ मिलिमीटर भरतो. एचडीपीई नळाचे माप बाहेरच्या व्यासावरूनच सांगण्यात येत असल्याने तेथे २०० म्हणजे बाहेरून २०० आणि आतली पोकळी त्याहून बरीच कमी. एका आज्ञावलीने नुसता ‘२००’ हा आकडा पाठविला आणि दुसरीने त्याचा निराळा अर्थ लावला, तर पाण्याच्या प्रवाहाचे गणितही चुकेल व जोडणीचे सामानही बसणार नाही.

दुसरी अडचण एककांची. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाकडे गेलेले एक अमेरिकन यान नष्ट झाले. एका आज्ञावलीने बलासंबंधीचे आकडे ब्रिटिश एककांत दिले होते आणि ते मेट्रिक एककांत आहेत असे गृहीत धरून दुसरीकडे वापरण्यात आले होते, असे चौकशीत आढळले. इंचाच्या मापांचे सामान व मिलिमीटरचे आराखडे एकत्र नांदत असलेल्या कारखान्यांमध्ये हा धोका नित्याचाच आहे.

तिसरी अडचण आरंभबिंदूची व दिशांची. बहुतेक प्रकल्पांत आखणीच्या सोयीसाठी ‘प्रकल्पाची उत्तर’ ठरविण्यात येते व ती खऱ्या उत्तरेपासून काही अंशांनी वळलेली असते. दोन संस्थांनी दोन निरनिराळे आरंभबिंदू धरले तर पंपगृह एकीकडे व त्याला जोडावयाचा नळ दुसरीकडे, असे चित्र दिसते. चौथी अडचण नावांची. एकाच पंपास एका संस्थेने एक क्रमांक व दुसरीने दुसरा दिला, तर संगणक त्यांना दोन निराळे पंप समजतो.

पाचवी अडचण आवृत्त्यांची. एकाच आज्ञावलीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांचेही परस्परांशी जमेलच असे नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० या महाकाय विमानाच्या बांधणीत जर्मनी व फ्रान्समधील अभियंते एकाच आज्ञावलीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. विमानात बसवावयाच्या शेकडो किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी नीट बसेनात. २००६ साली ही अडचण उघडकीस आली आणि विमाने ग्राहकांना सोपविण्यास दीर्घ विलंब झाला.

सामायिक भाषेचा शोध

या अडचणींवर पहिला सुचणारा उपाय म्हणजे एका आज्ञावलीतून दुसरीत नेणारे थेट भाषांतर. परंतु आज्ञावल्यांची संख्या वाढली की हा मार्ग बिकट होतो. पाच आज्ञावल्यांमध्ये परस्पर देवघेव करावयाची तर २० भाषांतर-साधने लागतात आणि दहा असतील तर ९०. याउलट सर्वांनी एक सामायिक स्वरूप मान्य केले, तर प्रत्येक आज्ञावलीस त्या स्वरूपात लिहिणारे एक व त्यातून वाचणारे एक अशी दोनच साधने पुरतात. म्हणजे दहा आज्ञावल्यांना एकूण २०. भिन्न भाषा बोलणाऱ्या लोकांनी एक सामायिक भाषा पत्करावी, तशीच ही व्यवस्था होय.

या दिशेने १९८० साली अमेरिकेत ‘आयजेस’ हे स्वरूप प्रसिद्ध झाले. त्यात मुख्यतः आकारांचीच देवघेव होत असे. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अधिक व्यापक मानकाचे काम हाती घेतले व १९९४ मध्ये ‘स्टेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयएसओ १०३०३ या मानकाचे पहिले भाग प्रकाशित झाले. कारखान्यातील नळ व यंत्रे यांच्या मांडणीसाठी त्यात स्वतंत्र भाग आहे. तेल व वायू उद्योगाच्या गरजेतून आयएसओ १५९२६ हे मानक तयार झाले. कारखान्याच्या संपूर्ण आयुष्यातील माहितीचा, म्हणजे ‘पंप’ म्हणजे काय व ‘झडप’ म्हणजे काय या शब्दांच्या अर्थांचाही, त्यात विचार केलेला आहे. इमारतींसाठी ‘आयएफसी’ हे खुले स्वरूप असून २०१३ मध्ये ते आयएसओ १६७३९ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाले.

प्रत्यक्ष व्यवहारात ‘पीसीएफ’ नावाची साधी धारिकाही फार उपयोगी ठरली आहे. तिच्यात प्रत्येक नळाची, एल्बोची व झडपेची टोके कोठे आहेत, माप काय व मालाचा क्रमांक कोणता, हे साध्या अक्षरांत ओळीने लिहिलेले असते. ही धारिका माणसालाही उघडून वाचता येते. नळमार्गाची चित्रे काढण्यासाठी व ताणाच्या गणितासाठी अनेक आज्ञावल्या तिचा स्वीकार करतात. तथापि टाक्या, उष्णता-विनिमयक यांसारख्या यंत्रांचे संपूर्ण वर्णन तिच्यात मावत नाही. कोणतेही एक स्वरूप सर्व कामांना पुरे पडत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नुकसान कोणाचे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या प्रश्नाचा हिशेब मांडला आहे. मोठ्या इमारती व औद्योगिक प्रकल्प यांच्या क्षेत्रात, माहितीची देवघेव नीट न झाल्यामुळे २००२ या एका वर्षात त्या देशात सुमारे १,५८० कोटी डॉलरचा अनाठायी खर्च झाला, असा त्यात अंदाज आहे. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, यांतील सुमारे दोनतृतीयांश भार आराखडा करणाऱ्यांवर वा बांधकाम करणाऱ्यांवर पडला नाही. तो प्रकल्पाचे मालक व तो चालविणारे यांच्यावर पडला. आराखडा करणारी संस्था काम संपवून निघून जाते. प्रकल्प पुढे अनेक वर्षे चालवावा लागतो तो मालकाला. कोठे काय पुरले आहे व कोणत्या झडपेमागे कोणता नळ आहे, हे शोधण्याचा खर्च त्याच्याच माथी येतो.

पैशापेक्षाही मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात प्रचंड स्फोट होऊन २८ माणसे मृत्युमुखी पडली. तेथील एक नादुरुस्त पात्र काढून त्याच्या जागी दोन पात्रांना जोडणारा तात्पुरता नळ बसविण्यात आला होता. त्याच्या ताणाचे योग्य गणित झालेले नव्हते. आराखडा म्हणून कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती काय ती होती. तो काळ संगणकीय प्रतिरूपांचा नव्हता. परंतु त्या घटनेचा धडा आजही तितकाच लागू आहे. नळमार्गात केलेला बदल आराखड्यात उतरला पाहिजे आणि तो ताणाचे गणित करणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडेही भारतीय बाष्पक विनियम, १९५० अन्वये वाफेच्या नळमार्गांचे आराखडे तपासून घेण्याची तरतूद आहे, ती याच हेतूने.

गावाच्या नळयोजनेशी संबंध

वीज केंद्राचा हा विषय कोंढ्यासारख्या गावाच्या उंबरठ्यापर्यंत येतो तो नळयोजनेच्या मार्गाने. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक घरास नळाद्वारे माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. योजनेची देखभाल गावपातळीवर ग्रामपंचायत व ग्राम पाणीपुरवठा समिती यांनी करावी, अशी त्यात अपेक्षा आहे. उद्भव विहीर, पंपगृह, शुद्धीकरण, उंच टाकी व वितरणाचे नळ असलेली योजना म्हणजे लहान प्रमाणावरील कारखानाच होय.

अशा योजनेतील पाण्याच्या दाबाचे गणित करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तयार केलेली ‘एपानेट’ ही विनामूल्य आज्ञावली जगभर वापरली जाते. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने ग्रामीण नळयोजनांसाठी ‘जलतंत्र’ ही प्रणाली विकसित केली आहे. एपानेटची धारिका साध्या अक्षरांत लिहिलेली असते. तिच्यात गाठी, नळ, टाक्या व पंप यांचे स्वतंत्र रकाने असतात. योजना पूर्ण झाल्यावर ही धारिका पंचायतीच्या दप्तरी राहिली, तर पुढे नवी वस्ती जोडताना शेवटच्या घरापर्यंत पुरेसा दाब राहील किंवा नाही, हे कोणत्याही अभियंत्यास थोडक्या श्रमात तपासता येईल. केवळ छापील नकाशा मिळाला, किंवा तोही गहाळ झाला, तर सारी मोजणी पुन्हा आरंभापासून करावी लागेल आणि गळती शोधण्यासाठी रस्ता जागोजागी खणावा लागेल.

करारात काय असावे

मोठ्या प्रकल्पाचे अधिकारी असोत वा ग्रामपंचायतीचे सदस्य असोत, काम सोपविताना पुढील गोष्टींची नोंद करारात असल्यास पुष्कळ अडचणी टळतील.

१. आराखडा दोन्ही रूपांत मिळावा : ज्या आज्ञावलीत तो केला त्या मूळ रूपात आणि एखाद्या मान्य खुल्या स्वरूपात. याखेरीज छापील प्रतही असावी.

२. आरंभबिंदू, दिशा, एकके व यंत्रांना द्यावयाचे क्रमांक कामाच्या आरंभीच लेखी ठरवावेत आणि सर्व संस्थांनी तेच वापरावेत.

३. नळाच्या मापाबरोबर त्याचा प्रकार, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी व लागू असलेले भारतीय मानक यांची नोंद असावी.

४. मुख्य कामापूर्वी लहानशा भागाची देवघेव करून पाहावी. पाठविलेल्या व मिळालेल्या प्रतिरूपांतील नळांची एकूण लांबी, झडपांची व एल्बोंची संख्या आणि काही ठरावीक बिंदूंच्या जागा ताडून पाहाव्यात. आकडे जुळले तरच पुढे जावे.

५. काम पूर्ण झाल्यावर, मूळ बेतानुसार नव्हे तर प्रत्यक्ष जसे बांधले तसे दाखविणारा आराखडा घ्यावा आणि तो मिळाल्याखेरीज अखेरचे देयक अदा करू नये.

६. आराखड्यावरील व त्यातील माहितीवरील हक्क मालकाचा राहील, हे स्पष्ट लिहावे.

चौथी व पाचवी बाब विशेष महत्त्वाची आहे. जे पोचले ते मोजून पाहिल्याशिवाय देवघेव सफल झाली असे मानता येत नाही. धान्याची पोती उतरवून घेताना जशी ती मोजली जातात, तशीच आराखड्यातील वस्तूंचीही मोजदाद व्हावयास हवी.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांना समजावून देण्यास संगणकाचीही आवश्यकता नाही. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने शाळेच्या टाकीपासून नळकोंड्याळ्यापर्यंतचा नळमार्ग मोजून, चित्र न काढता, केवळ शब्दांत व आकड्यांत लिहावा. दुसऱ्या गटाने तो मार्ग न पाहता त्या वर्णनावरून आकृती काढावी. नंतर दोहोंची प्रत्यक्षाशी तुलना करावी. दिशा सांगावयाची राहिली, माप आतले की बाहेरचे हे लिहिले नाही, झडप कोणत्या बाजूस आहे ते कळले नाही, अशा उणिवा आपोआप पुढे येतील. दुसऱ्या खेपेस विद्यार्थी स्वतःच नोंदीचा एक ठरावीक तक्ता तयार करतील. आंतरराष्ट्रीय मानकेही याच गरजेतून निर्माण झाली, हे मग त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतील विद्यार्थ्यांना हाच प्रयोग एपानेटसारख्या विनामूल्य आज्ञावलीच्या साहाय्याने पुढे नेता येईल.

धरणे, वीज केंद्रे व नळयोजना यांचे आयुष्य दीर्घ असते. त्या मानाने संगणकाच्या आज्ञावल्या अल्पजीवी असतात. काही वर्षांतच त्यांच्या नव्या आवृत्त्या येतात आणि जुन्या मागे पडतात. म्हणून सार्वजनिक प्रकल्पाची माहिती कोणा एका आज्ञावलीच्या कुलपात बंद न राहता खुल्या, मोजून पाहिलेल्या व मालकाच्या हाती असलेल्या स्वरूपात जतन होणे अगत्याचे आहे. जमिनीखाली पुरलेला नळ डोळ्यांना दिसत नाही. तो कोठे आहे, केवढा आहे व कशाला जोडलेला आहे, हे पुढील पिढीतील सरपंचाला, अभियंत्याला व कारागिराला त्याच्या नोंदीवरूनच कळणार आहे.